काळ्या मातीतली वांगी

"आधी जेवून घेऊ गा, मंग माती पाहू."

कुठल्याही गावात उतरलो की माझ्या सोबत्याचं हे वाक्य ठरलेलं. खिशातला रुमाल काढून खांद्यावर टाकायचा आणि कोणी बस म्हणायच्या आत ओसरीवर मांडी घालून मोकळा. आमंत्रणाची त्याला गरज नसे. मला आमंत्रण मिळालं तरी मी "डबा आणलाय" म्हणायचो आणि मग कोणी आग्रह करत नसे.

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेलच. नागपूरला माती तपासायच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं बरोबरच लागलो. पदवी तीच, पगार तोच, हुद्दाही तोच. पण चपराशी चहा आणायचा तो आधी त्याच्या टेबलावर. सीताबर्डीचा पानवाला मी शेजारी उभा असताना हाक मारायचा त्याला. तो घरी जेवायला आला की माझी बायको त्याच्या भातावर तुपाची धार सोडायची आणि माझ्या पानाशी आल्यावर म्हणायची, "तुमाले पित्त होते ना." पोटात दुखायचं माझ्या, पण ते पित्तानं नव्हे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. रामटेकच्या बाजूला एका गावालगत मँगनीजची जुनी खाण होती. इंग्रजांच्या वेळची, कधीच बंद पडलेली. खड्ड्यात हिरवं पाणी आणि काठावर टाकाऊ दगडमातीचे ढीग. दर पावसाळ्यात त्या ढिगांतली बारीक काळी माती वाहून खालच्या खोलगटात साचायची आणि वाळली की हुबेहूब तलावाच्या गाळासारखी दिसायची. आमच्या मुलखात वावरात गाळ टाकणं म्हणजे वावराला तूप पाजणं. काळी माती वाईट असेल, हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

गिरजाबाई नावाच्या म्हातारीनं तीच माती डोक्यावरून टोपल्या टोपल्या वाहून आपल्या बरड तुकड्यावर पसरली होती. तिथं ती वांगी लावायची. घरात दोन लहान नाती, पोरींचे आईबाप गेलेले. वांग्याच्या पानांवर तपकिरी ठिपके पडायला लागले म्हणून गावातल्या मास्तरांनी आम्हाला बोलावलं. मी मातीचे नमुने घेत होतो तेवढ्यात त्यानं वांग्याच्या भाजीबरोबर दोन भाकरी संपवल्या आणि तिसरी मागून घेतली. त्या दिवशी तो तिचा बापू झाला. मी सायेबच राहिलो.

जड धातू तपासायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. नमुने बाहेर पाठवले, ते वाटेत कुठंतरी गहाळ झाले, पुन्हा पाठवले. त्यात दोन हंगाम गेले. आम्ही मधूनमधून जायचो आणि दर वेळी हा तिच्याकडे जेवायचा. भिवापुरी मिरचीच्या ठेच्यानं नाक गळायला लागलं की ती पदर तोंडाशी धरून हसायची. मी नातींना खाऊ न्यायचो, तर त्या तो खाऊ घेऊन त्याच्या मांडीवर बसायच्या.

एकदा एस.टी.त मी त्याला म्हणालो, "अहवाल येईपर्यंत तरी खाऊ नको लेका. आपल्याले संशय आहे ना?"

"तिच्या ओसरीवर बसून तिचंच नाई खाल्लं, तं ते बाई आपल्याले दारात उभं करीन का गा?"

त्याच्यामुळंच मला त्या दारात उभं राहता यायचं आणि त्याच्यामुळंच मी तिथं कोणी नसायचो, पण हे त्याला कधी कळलं नाही.

अखेर अहवाल आला. मातीत मँगनीज भरमसाट, शिसंही होतं आणि दोन्ही वांग्यांत उतरलेली. अंगात साचत जाणारं, लहान पोरांना आधी बाधणारं. सांगायला मी पुढं झालो. त्या ओसरीवर एकदा तरी कोणी माझं ऐकावं, अशी मला फार इच्छा होती.

"बाई, या मातीत विष आहे. पोरींना ही वांगी खाऊ घालू नका."

"इख रायतं तं इतके वांगे काहून आले असते, सायेब?" ती म्हणाली. तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. "अन् हा बापू दोन साल खाऊन रायला. त्याले काय झालं?"

मी त्याच्याकडं पाहिलं. आता सापडला, असं वाटलं आणि बरंही वाटलं.

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून घडी घातली आणि खिशात ठेवला. ताट हळूच पुढं सारलं.

"नाई जेवत माय."

"पोट बिघडलं का?"

"नाई. त्या तुकड्यातलं आता कधीच नाई खात. मीच चुकलो. पयल्याच दिवशी नाई म्हणायले पायजे होतं."

तिनं ताट उचललं. मग म्हणाली, "लेकरू समजून वाढलं तुले. अन् तू माह्या अन्नाले नाव ठेवतं? जाय. पुन्हा येऊ नोको."

परतताना एस.टी.त कामठीला त्यानं मला हलवलं. "भूक लागली गा," म्हणाला. पण सीताबर्डीवर उतरल्यावर खानावळीत भरलेलं ताट तसंच ठेवून उठला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट मी त्याच्यावर कधी नव्हे इतका जळलो. माझ्यावर रुसावं असं त्या गावात कोणालाच वाटलं नसतं.

पुढच्या हंगामात तिनं तो तुकडा पडीक टाकला. माझा अहवाल तिनं चुलीत घातला असता, पण जो घासाला कधी नाही म्हणत नसे, त्यानं नाही म्हटलं, हे तिच्या मनात रुतलं असावं. गावाच्या वरच्या अंगाला दुसरी जागा धरून तिनं खऱ्या तलावाचा गाळ वाहिला आणि मास्तरांच्या हाती मातीची पुरचुंडी आमच्याकडं पाठवली. निरोप होता, "बापूले दाखवा."

पुरचुंडी आली तेव्हा बापू राहिला नव्हता. आठवड्यापूर्वीच कचेरीत टेबलाशी बसल्या बसल्या गेला. चपराशी त्याचा चहा घेऊन उभाच होता.

ती माती मी बाहेरून तपासून आणली. स्वच्छ निघाली. सांगायला मीच गेलो, दोन्ही गोष्टी सांगायला.

मातीचं तिनं ऐकून घेतलं. त्याचं सांगितलं तेव्हा खाली बसली. तिनं विचारलं, "माह्या वांग्यानं तं नाई गेला ना?"

"नाई माय," मी म्हणालो. तिला मी माय कधी म्हटलं नव्हतं. "छातीचं दुखणं होतं त्याचं. बापालेही तेच होतं."

ती उठली. नव्या जागेतल्या वांग्यांची भाजी आणि भाकर माझ्यापुढं ठेवली. डबा माझ्या पिशवीत होता. तो मी काढला नाही. मांडी घालून जेवायला बसलो. ती समोर बसून माझ्या हाताकडं पाहत होती.

"तो असा हळू नोता खात, सायेब," ती म्हणाली.

मी घास मोठा घेतला.