वरच्या गटातल्या वन्सं

जगातलं प्रत्येक माणूस चुकून खालच्या गटात पडलेलं आहे आणि त्याला उचलून वरच्या गटात बसवण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, असं माझ्या थोरल्या नणंदेचं ठाम मत आहे. वन्सं सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई आहेत. या मताचा त्रास शाळेपुरता राहायला हरकत नव्हती, पण त्यांना शाळेची वेळ पुरत नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला धड वरणसुद्धा जमत नव्हतं. वन्संनी पहिल्याच सणाला अख्ख्या भावकीच्या पुरणपोळ्या माझ्यावर सोपवल्या आणि स्वतः गळ्यात शिट्टी घालून ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "एकेक पोळी शिकत बसलीस तर म्हातारी हुशील. एकदम पंक्तीलाच उतर की!" त्या दिवशी पंक्तीत पुरण वेगळं आणि पोळी वेगळी वाढली गेली. माझ्या नवऱ्यानं गाडी शिकायला घेतली तेव्हा मैदानात गोल गोल फिरवणं त्यांना पोरकट वाटलं. त्याला धड गिअर कळायच्या आत त्यांनी पुण्याच्या हायवेला घातलं. मोहोळपर्यंत दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. तो भीतीनं आणि त्या अभिमानानं. आमची मुक्ता जेमतेम मऊ भात खायला लागली होती, तर यांनी तिच्या जिभेला शेंगांची चटणी लावली. पोर लालबुंद झाली, किंचाळली, घटाघटा पाणी प्यायली आणि पुन्हा जीभ बाहेर काढून उभी राहिली. "बघ! म्हणलं न्हवतं का, मोठ्या गटातली हाय."

अशा बाईच्या हाती एक दिवस चिअरलीडिंग लागलं. खेळशिक्षकांच्या कुठल्याशा शिबिराला त्या पुण्याला गेल्या आणि येताना हे खूळ घेऊन आल्या. मुली एकमेकींच्या खांद्यांवर चढून मनोरा रचतात, टोकावरची हवेत उडते, खालच्या तिला झेलतात, आणि हे सगळं तालावर, हसत हसत. मुख्याध्यापिका घाबरल्या. "अहो, क्रिकेटच्या मॅचला टीव्हीवर नाचतात, तेच ना हे?" वन्सं म्हणाल्या, "त्या दुसऱ्यांसाठी नाचत्यात. आपल्या पोरी सोताच्या जिवावर उडतील." पालकसभेत कपड्यांचा प्रश्न निघणार हे ओळखून त्या स्वतःच तो पोशाख घालून गेल्या. लांब बाह्या, पायघोळ विजार, आणि दोन्ही हातांत चादरीच्या कारखान्यातल्या उरलेल्या सुताचे लाल-पिवळे गोंडे. पन्नाशी ओलांडलेली, भक्कम बांध्याची बाई अशी व्यासपीठावर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बोला. काय वाईट दिसतंय?" एकाही बापाला काही वाईट दिसलं नाही. दिसलं असतं तरी बोलायची सोय नव्हती.

तेव्हापासून त्यांची नजर बिघडली ती बिघडलीच. जगात त्यांना दोनच प्रकारची माणसं दिसायला लागली, खाली उभी राहणारी आणि वर चढवण्याजोगी. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या साड्या त्या बघत नाहीत, खांदे बघतात. आमच्या भाजीवालीला एकदा कळवळून म्हणाल्या, "तुमच्या पोटऱ्या लई चांगल्या हैत हो. नुसत्या भाजीपायी वाया चालल्यात." भाजीवालीनं त्या दिवशी कोथिंबीर फुकट दिली नाही.

शाळेत त्यांनी दोन संघ केले. प्राथमिकच्या मुलींचा लहान गट आणि हायस्कूलच्या मुलींचा मोठा गट. मोठ्या गटाच्या मनोऱ्याच्या टोकावर आमची मुक्ता होती. ती वर उभी राहून दोन्ही हात पसरायची तेव्हा, आई म्हणून सांगते, मैदानावरच्या कावळ्यांनाही कौतुक वाटत असावं. पण नववीत जाता जाता मुक्ताची उंची वेड्यासारखी वाढली आणि त्याच सुमारास वन्संना लावण्या सापडली.

लावण्या चौथीतली. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी शिलाई करायची. घरात सगळे तेलुगू बोलायचे आणि शाळेत ही पोर फारसं काहीच बोलायची नाही. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीभोवती चिखल झाला होता. वन्संनी बघितलं, तर तिथून दोन पाय वर करून एक मुलगी हातांवर चालत येत होती.

"काय गं, हे काय?"

"नव्या चपला हैत बाई. भिजतील की," ती उलट्या तोंडानंच म्हणाली.

वन्सं त्या दिवशी आमच्या घरी जेवायला आल्या, पण जेवल्या नाहीत. हातातला घास हातातच राहिला. "माधुरी, अशी पोरगी जन्मात एकदा मिळती बघ. हिला लहान गटात ठेवणं पाप हाय पाप!" दुसऱ्याच दिवशी त्यांनी लावण्याला थेट मोठ्या गटाच्या टोकावर चढवलं आणि मुक्ताला खाली उतरवलं.

मी चिडले. "वन्सं, घरच्याच पोरीला खाली टाकलंत?"

"खाली न्हवं गं, पायात. आता अख्खा मनोरा तिच्या जिवावर हाय. लई मानाची जागा!"

मानाची जागा मिळालेली मुक्ता आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडली होती. दोन दिवसांनी बाहेर येऊन तिनं जाहीर केलं, "आत्या, मी तिला उचलीन. पण बोलणार नाही." तिच्या मैत्रिणींनीही तेच ठरवलं. वन्संना यात वावगं काहीच दिसलं नाही. "बोलायचं कशाला? उचला म्हंजे झालं."

लावण्याची आई एकदा काळजीनं मैदानावर आली. "पडंल न्हवं का बाई?" "पडली तर माझ्या अंगावर पडंल," वन्सं म्हणाल्या आणि शब्दाला जागल्या. सरावात लावण्या त्यांच्या अंगावर अशी काही कोसळली, की त्या पुढे बरेच दिवस मानेला पट्टा लावून हिंडत होत्या. कुणी विचारलंच तर शिबिरात हे नवीन शिकवलंय म्हणून सांगायच्या. पोर मात्र उठून परत चढली. वर गेली की तिचा चेहरा उजळायचा. खाली उतरली की मुली पाण्याच्या बाटल्या घेऊन एका बाजूला जायच्या आणि ही दुसऱ्या बाजूला आपल्या चपला शोधत बसायची. मी ते बघत होते. वन्सं तेवढ्यात पुढच्या उडीचा हिशेब करत असायच्या.

स्पर्धा पुण्याला होती. पहाटे दोन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत मोठा गट आणि वन्सं, मागच्या गाडीत लहान गट आणि मी. माझ्याकडं डबे आणि उलट्या ही दोन खाती होती. टेंभुर्णीला चहाला थांबलो. मुली खाऊन-पिऊन परत गाडीत बसल्या आणि वन्सं ओरडल्या, "लावण्या कुटं हाय?"

लावण्या नव्हती. वन्संचा चेहरा मी असा पांढरा झालेला कधी बघितला नव्हता. त्यांनी जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकली. हॉटेलातले वेटर, दोन ट्रकवाले आणि एक पोलीस, सगळे आपापल्या जागी सावधान उभे राहिले, पण लावण्या काही आली नाही. मी हॉटेलाच्या मागं शोधून आले, मुक्ता पेट्रोलपंपापर्यंत पळत जाऊन आली. शेवटी माझ्याच गाडीतून खुदखुद ऐकू आली. मागच्या सीटखाली लहान गटातल्या चार पोरींच्या पायांत लावण्या लपून बसली होती आणि त्या चौघी तिच्यावर आपले स्वेटर टाकून निष्पाप चेहरे करत होत्या.

"उतर खाली! तुजी गाडी पुढची हाय."

लावण्यानं सीटचा पाय घट्ट धरला. "मी हितंच बसते बाई."

"का?"

"तितं माज्याशी कुणी बोलत न्हाई."

"अगं, पण तुला सगळ्यांच्या वर उभं केलंय की मी!"

"व्हय बाई," लावण्या म्हणाली. "पण उतरल्यावर?"

वन्संना प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. आम्ही सगळे त्या उत्तराची वाट बघत उभे होतो. मुक्ता माझ्यामागं होती, पळत आल्यामुळं धापा टाकत. वन्संनी गाडीचं दार हळूच लावलं आणि पुढच्या गाडीत जाऊन बसल्या. मुक्तानं नंतर सांगितलं, आत्या पुण्यापर्यंत नुसती खिडकीबाहेर बघत होती. गाडीवाल्यालासुद्धा समोरचा ट्रक मागं टाक म्हणाली नाही.

पुण्याला पोहोचल्यावर त्या तडक आयोजकांच्या टेबलापाशी गेल्या. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. "ह्या मुलीचं नाव मोठ्या गटातनं काढा आणि लहान गटात घाला." टेबलावरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, एकदा बदललं की दोन्हीकडं खेळता येणार नाही. "ठावं हाय," वन्सं म्हणाल्या.

मुक्ता पळत आली. "आत्या, राहू दे ना तिला आमच्यात. आम्ही बोलू आता तिच्याशी. खरंच."

वन्संनी तिच्याकडं नीट बघितलं. "आजच्यापुरतं का?"

मुक्ता हातातल्या गोंड्याची सुतं ओढायला लागली.

तेव्हा टोकावर चढायला पुन्हा मुक्ताच उरली. लांबलचक पाय, लांबलचक हात. ती वर उभी राहिली आणि खालच्या मुलींचे चेहरे वांग्यासारखे जांभळे झाले. हात पसरायच्या ऐवजी तिनं ते तोल सांभाळायला पंख्यासारखे फिरवले आणि मनोरा सोलापूरच्या रोखानं कलत कलत खाली आला. कुणाला लागलं नाही, पण नंबरही लागला नाही. लहान गटाची वेगळीच तऱ्हा. लावण्या अशी काही उडाली की प्रेक्षक उभे राहिले; पण बाकीच्या पोरीही तिच्याकडंच बघत उभ्या राहिल्या आणि शेवट काय करायचा तेच विसरल्या. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून परत केलं. संगीत कधीच थांबलं होतं. परीक्षक हसून हसून बेजार झाले आणि पोरींना उत्तेजनार्थ बक्षीस देऊन मोकळे झाले.

परतताना मुक्ता स्वतःहून मागच्या गाडीत आली. लावण्याच्या शेजारी बसून तिला म्हणाली, "तू वर असताना इतकी हलत का नाहीस गं? मला सांग ना." दोघींचं काहीतरी सुरू झालं. मग वन्संही आमच्याच गाडीत चढल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाल्या, "मलाबी वरच्या वर्गात टाकलं होतं, माधुरी. दुसरीतनं एकदम चौथीत. बाबांना लई कौतुक."

"मग?"

"मग काय. तितंबी पैली आले." मग शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "खेळायला कुणी घ्यायचं न्हाई. त्या मोठ्या. आणि तिसरीतल्या पोरी म्हणायच्या, तू आता आमच्यातली न्हाईस."

"वन्सं, हे कधी बोलला नाहीत."

"आज ध्यानात आलं."

विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, "पुढच्या वर्षी तरी लावण्याला वर घ्याल ना?"

"तिला इचारीन की."

आमच्या घराण्यात वन्संनी कुणाला काही विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. एवढ्यात मागच्या सीटवरून एक मुंडकं पुढं आलं. "बाई, भेंड्या खेळायला येता का? एक जण कमी पडतंय."

"मला येत न्हाई गं."

"सोपं असतंय. आमी शिकवतो."

वन्सं उठल्या, हलत्या गाडीत सीटा धरत मागं गेल्या आणि गुडघे पोटाशी घेऊन तिसरी-चौथीच्या पोरींच्या मध्ये कशाबशा मावल्या. मोहोळ मागं पडलं तरी त्या 'ळ' अक्षरावर अडून बसल्या होत्या, आणि पोरी त्यांना सोडायला तयार नव्हत्या.