कोरं मनगट

त्या दिवशी तेरखेड्याकडच्या एका शेडमध्ये फटाक्यांची दारू पेटली. माणसं ट्रकमधून जिल्ह्याच्या दवाखान्यात आणली. माझी मैत्रीण वॉर्डात होती. दिवस मावळायच्या आत ती गेली.

आम्ही दोघी नर्सिंगच्या शाळेत दुसऱ्या वर्षाला होतो, एकाच खोलीत राहत होतो. ती जळकोटकडची. दुष्काळात आईबरोबर तिनं खडी फोडली होती. तळहातांचे घट्टे अजून गेले नव्हते. नर्स झाले नाही तर परत हातोडाच, हे ती हसत सांगायची.

आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी माया मोजायची एक रीत काढली होती. जखम धुताना रोग्याला आपलं मनगट धरायला द्यायचं. काम संपलं की बाई आम्हाला ओळीनं उभं करून मनगटं बघत. नखांचे वळ दिसले की मार्क. "त्याचं दुखणं तुमच्या अंगावर उमटलं पाहिजे," त्या म्हणत. माझी मनगटं कायम काळीनिळी असायची. तिची कोरी.

कारण साधं होतं. मनगट धरण्याआधी रोगी विचारायचा, "कुठली गं तू?"

"जळकोटकडची."

"तिथं कुणाची?"

"बौद्ध हाय आमी."

मग हात पांघरुणात जायचा. बाई दूरच्या मुलखातल्या. या विचारपुशीचा अर्थ त्यांना कळत नव्हता. त्यांना फक्त कोरं मनगट दिसायचं. "तुला कुणाचं काही वाटत नाही," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, आणि परीक्षेपर्यंत असंच राहिलं तर घरी जावं लागेल, असंही.

"दुसरं काहीतरी सांग की त्यांना," मी म्हणाले.

"मार्कासाठी बाप बदलू व्हय?" ती म्हणाली. "मग तुझाच दे. न्हाय तरी तो तुला पत्र कुठं लिहितो."

त्या दुपारी मात्र कुणी कुणाला काही विचारलं नाही. कापड कातडीला चिकटलं होतं. ओढलं की दोन्ही सोबत यायचं. वॉर्डभर गंधकाचा आणि जळक्या केसांचा वास होता. एक भाजलेली बाई ओरडता ओरडता थांबली आणि पुन्हा ओरडली नाही. मैत्रीण एका तरण्या माणसाचा सदरा कापत होती. त्यानं तिचं मनगट पकडलं. त्याचा हात सोलून निघाला होता, तरी नखं तिच्या मांसात रुतली. तिनं हात मागं घेतला नाही. दुसऱ्या हातानं कात्री चालवत राहिली. मी शेजारच्या खाटेपाशी होते. तिनं माझ्याकडं पाहून मनगट किंचित वर केलं, बघ म्हणून.

तेवढ्यात त्या माणसाचा बाप आला. लेकाकडं बघून त्यानं खाटेचा दांडा धरला. मग जिभेला सवय होती तेच त्यानं तिला विचारलं, कुठली, कुणाची. तिनं कात्रीवरची नजर न हलवता नेहमीचं उत्तर दिलं.

"हात सोड त्याचा," तो म्हणाला.

"मी न्हाय धरला, मामा. त्यानंच धरलाय."

त्यानं लोखंडी स्टूल उचललं. पहिला घाव खांद्यावर बसला. ती पडली नाही, कारण मनगट अडकलेलं होतं. दुसरा डोक्यावर बसला. तो आवाज मला कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही. तिसऱ्या वेळी वॉर्डबॉय मधे पडला, तर त्याचे पुढचे दात फरशीवर सांडले. मग चौघांनी मिळून बापाला खाली दाबलं.

बाई धावत आल्या. लेकाची बोटं तिच्या मनगटावरून त्यांनीच सोडवली, एकेक करून. मग ते मनगट हातात धरून त्या तशाच बसून राहिल्या. त्यानंतर आम्हाला त्यांनी कधी ओळीत उभं केलं नाही.

बाप तुरुंगात वारला. बाई आपल्या मुलखात परत गेल्या. मीही पुढं अशाच एका शाळेत शिकवलं. माया मोजायला तिथं छापील प्रश्नांचे कागद यायचे. मी ते वाटायची आणि गोळा करायची.

लेक जगला. भाजलेल्या हाताची बोटं मुठीत आखडली, ती पुन्हा उघडली नाहीत. तो अजून आहे.