सुरीने कापलेलं जाळं
सून निवडायच्या तांदळाचं सूप पुढ्यात ठेवून गेली, की मला एडवणचं सुक्या बोंबलांच्या वासाचं आमचं अंगण आठवतं. मी लग्न होऊन आले त्या सुमारास गावात नायलॉनची जाळी आली आणि सुती जाळी अडगळीत गेली. सासरे तोवर बायकोमुलांनाही ओळखेनासे झाले होते, पण लाकडी सुई हातात दिली की फाटकं सुती जाळं असं सांधत, की सांधा शोधून सापडू नये. हात रिकामे राहिले की ते कुठेही निघून जात, म्हणून सासूबाई दिवेलागणीला तेच जाळं सुरीने कापून ठेवत आणि सकाळी म्हणत, "माशानं फाडलं." एकदा सासऱ्यांनी तुटके धागे बोटांवर घेतले आणि सासूबाईंनाच विचारलं, "ह्ये माशाचं काम नाय, सुरीनं कापलंय. कोन वैरी हाय गो बाय आपला?" सासूबाईंना हसू आवरेना. "आसल कोनतरी. तुमी सांधा." त्या दिवसापासून त्या जाळं हिसके देऊन हाताने फाडू लागल्या. हल्ली मीही नातवंडांची नावं विसरते, पण तांदळातले हे गुळगुळीत खडे सुनेने समुद्रावरून वेचून आणलेत, हे बोटांना कळतं. मी बोलत नाही. बोलले तर उद्यापासून ती शेतातले खरखरीत खडे आणील.