समुद्रात लागलेली भिंत

आयुष्यभर मी शाळेत विज्ञान शिकवलं. गावात कुणाच्या अंगात आलं की मुलांना म्हणायचो, आधी विचारा, तो सकाळपासून जेवलाय का. त्यामुळे पुढचं वाचून माझे जुने विद्यार्थी हसतील... हसू देत. हे मी लिहितोय ते माझ्या मित्रासाठी, वामनसाठी. गाव त्याला अजून 'नावाड्या' म्हणतं, आणि ते नाव मी पाडलं.

आम्ही दोघं मेहकरजवळच्या जानेफळचे. पोहायला शिकलो मळ्यातल्या बांधीव विहिरीत. विहिरीत सरळ पोहून जाणार कुठे? गोलच फिरायचं – डाव्या हाताची बोटं दगडांना घासत, भिंतीच्या कडेकडेनं. दम लागला की फटीत बोटं रुतवायची. तळ कधी दिसला नाही, पण भीतीही वाटली नाही. भिंत हाताशी होती ना.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही कॉलेजात होतो. एका निवृत्त फौजी साहेबांनी परदेशात पाहिलेली एक शर्यत कोकणात भरवायची ठरवली – आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. आज तिला ट्रायथलॉन म्हणतात. सायकल आणि पळणं तर आमचं रोजचंच. आम्ही नावं दिली. गावानं हार घालून एसटीत बसवलं.

समुद्र तेव्हा पहिल्यांदा पाहिला. वामननं डोळ्यांवर हात धरून पलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "याले काठच नाही बे."

"मंग आपन उभे हावो थो कायचा हाय?"

"हा एक झाला. दुसरा दाखव."

मी हसलो. पण दुसरा काठ मलाही दिसत नव्हता.

शर्यत सुटली. खडकाजवळच्या निशाणाला वळसा घालून परत यायचं होतं. लाटा ओलांडून खोल पाण्यात गेलो आणि डावा हात आपोआप भिंत शोधायला लागला. नुसतं पाणी... पुन्हा टाकला, पाणीच. अंगाला सवय गोलाची. मी डावीकडे वळत वळत चक्क चकरा मारायला लागलो. मागून वामनही तसाच. सोबतच्या नावेतला कोळी ओरडला, "खंय चल्लास रे? निशाण थंय आसा."

वामननं हात वर केला. त्याला नावेत ओढून घेतलं. मीही हात वर करणारच होतो – हे नीट वाचा, करणारच होतो. नाकातोंडात पाणी गेलं होतं, पाय जड झाले होते... आणि डाव्या बोटांना दगड लागला.

घडवलेला दगड. गार, शेवाळानं बुळबुळीत, दोन दगडांमधली फटसुद्धा कळत होती. डोळ्यांना काही दिसेना, फक्त हिरवट पाणी आणि पलीकडे नाव. पण हात टाकला की दगड, पुन्हा टाकला की दगड. आणि ही भिंत गोल नव्हती. ती सरळ निशाणाकडे जात होती. मी तिच्या कडेनं गेलो. वळसा घातला, तर परतीलाही ती डाव्याच हाताला. भीती कुठे गेली कळलं नाही. इतक्या आनंदानं मी पुन्हा कधी पोहलो नाही.

वाळूवर आलो तेव्हा डाव्या बोटांची टोकं सोललेली होती, नखांत शेवाळ होतं. पुढची सायकल आणि पळणं कसंबसं उरकलं, पण शर्यत पुरी केली.

परतल्यावर मेहकरच्या स्टँडवर पोरांनी विचारलं, "वामन्या काऊन नाही पोहला?"

"थो नावाड्या झाला," मी म्हणालो. सगळे हसले. वामनही हसला. भिंतीचं मी कुणाला सांगितलं नाही – लोक वेडा म्हणाले असते, आणि शाबासकीही गेली असती.

गेल्या महिन्यात वामनचा नातू परदेशात ट्रायथलॉनला निघाला. गावानं सत्कार ठेवला. माइकवरचा माणूस म्हणाला, "फक्त आबासारखा नावेत बसू नको बापू." मंडप हसला. नातवानं मान खाली घातली. मी काठी टेकत उठलो, माइक मागून घेतला आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.

नंतर चहाला वामन शेजारी येऊन बसला.

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू भित धरून चालला होता. विहिरीत धरत होता तशीच. मी नावेतून पाहूनच राह्यलो होतो ना."

माझ्या मनात एक शंका कायम होती. ती विचारली. "नावेलेच हात लागत असन माहा."

"नाव दोन बांबू दूर होती. मधात निरं पानी." त्यानं चहा बशीत ओतला.

"मंग बोलला काऊन नाही? एवढं चिडवत होते तुले..."

"मी बोललो असतो तं म्हनले असते, नावाड्या जळते. तुह्या तोंडून आलं थे बरं झालं."

भीती, थकवा, अंगाची सवय – विज्ञानातलं जेवढं आठवलं तेवढं सगळं लावून पाहिलं. सोललेली बोटं आणि शेवाळ कशातच बसत नाही.

निघायच्या आधी नातू पाया पडायला आला. तिथल्या समुद्राची भीती वाटते म्हणाला. भिंत कुठून आली ते मलाच ठाऊक नाही. तुझ्यासाठीही येईल, असं कोणत्या तोंडानं सांगू? म्हटलं, फारच वाटलं तर हात वर कर आणि नावेत बस. त्यात कमीपणा नाही. तुझे आबा बसले होते.