वहिनीचं केवड्याचं बन

तिला सगळेच वहिनी म्हणत. वयानं मोठे असलेले म्हातारेसुद्धा. खाडीच्या बांधावरच्या केवड्याच्या बनात ती लग्न होऊन आल्यापासून फुलं काढायला जायची. लांब बांबूला कोयता बांधून, करवतीसारख्या पातींमधून अंग चोरत ती पिवळंधमक कणीस असं अलगद उतरवायची की, एक पाकळीही दुमडायची नाही. फुलं जायची शेजारच्या भट्टीवाल्या काकांकडे. ते तांब्याच्या हंड्यात ती उकळायचे, वाफ नळीतून चंदनाच्या तेलात उतरवायचे, आणि त्याचं अत्तर व्हायचं.

मग एका वादळात समुद्र बांध ओलांडून आत आला आणि अख्खं बन मुळासकट घेऊन गेला. काकांनी हंडा पालथा घातला. फुलं काढणारे मासळीच्या गोदामात कामाला लागले.

वहिनी मात्र चिखलात उतरली. त्या पाण्यानं कुठून कुठून आणून टाकलेल्या केवड्याच्या मोडक्या फांद्या तिनं गोळा केल्या आणि बांधावर ओळीनं रोवल्या.

"यातली नर कुठली, मादी कुठली, कळतंय का काही?" काकांनी विचारलं. वास असतो तो नर झाडाच्या फुलाला. मादीला नुसती फळं धरतात.

"फुलल्यावर कळेल की," ती म्हणाली.

"आणि सगळ्याच माद्या निघाल्या तर?"

"तर उपटीन आणि पुन्हा लावीन."

नवरा होड्या दुरुस्त करायचा. तो हसून म्हणाला, "घरात एक काटा आहे तो पुरत नाही का गं?"

"अहो, म्हणूनच तर घराला कुंपण लागलं नाही!"

हसला खरा, पण दुसऱ्या दिवसापासून बांधाला माती घालायला तोही यायला लागला.

झाडं वाढली, डोक्यावरून गेली. पहिल्या झाडाला काहीतरी धरलं तसं गल्लीतले लोक बघायला जमले. अननसासारखं फळ! दुसऱ्यालाही तेच. नणंदेनं भर रस्त्यात टोमणा मारला, "वहिनी, आता फळांचं दुकान टाक." वहिनी हसली नाही, चिडलीही नाही. घरी येऊन भाकरी थापताना मात्र तिचे हात थांबले. एवढी वर्षं पाण्यात गेली की काय, या विचारानं घास गोड लागेना.

पुढच्या पावसाळ्यात एका पहाटे नवऱ्यानंच तिला हलवून उठवलं. आयुष्यभर होड्यांच्या डांबराच्या वासात राहिलेला माणूस दारात उभा राहून नाक वर करून हुंगत होता.

"अगं, ऊठ! वास येतोय!"

ती अनवाणीच धावली. बांधाच्या टोकाकडच्या झाडांवर कणसं उमलली होती. एक, दोन, मग पानांआड आणखी, मग बघावं तिकडे. पातींनी दंड ओरखडले तरी तिला कळलं नाही. ती मोठ्यानं हसत होती, रडतही होती.

टोपली घेऊन ती थेट काकांच्या दारात गेली. काकांनी एक कणीस नाकाशी धरलं आणि मग हळूच टोपलीत परत ठेवलं.

"वहिनी, माझी कंबर गेलीय. दिवसभर जाळापाशी बसणं आता होत नाही."

"मी बसते. तुम्ही खाटेवरून सांगा."

भट्टीपाशी आजवर कुठली बाई बसली नव्हती. काका क्षणभर घुटमळले, मग म्हणाले, "हंडा घासून घे."

जाळ मोठा झाला की अत्तर करपतं, मंदावला की वाफ चढत नाही. वहिनी घामानं निथळत एकेक लाकूड आत-बाहेर करत राहिली. काका ओरडायचे, ती उलट ओरडायची. दुपारपर्यंत दोघांचंही जमलं. दिवसामागून दिवस नव्या फुलांची वाफ त्याच तेलात उतरत गेली.

मोसम संपताना अत्तराचा व्यापारी आला. वादळानंतर त्यानं इकडे पाऊल टाकलं नव्हतं. मनगटावर थेंब लावून त्यानं हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि काकांना म्हणाला, "तुमचा हात अजून शाबूत आहे हो!"

"माझा नाही," काका म्हणाले. "झाडं हिची आणि जाळही हिचाच."

व्यापाऱ्यानं सगळं अत्तर उचललं, आणि पुढच्या मोसमाचंही आताच सांगून ठेवलं.

आज बांधाच्या दोन्ही अंगांना केवडा आहे. नर झाडांच्या फांद्या वहिनीनं मागेल त्याला दिल्या. गोदामात गेलेले परत आले. पहाटे टोपल्या भट्टीपुढे रांगेनं लागतात, आणि आतून वहिनीचा खणखणीत आवाज येतो, "अरे, फुलं आहेत ती, बटाटे नव्हेत! हळू ठेवा!"