पोखर्णीचा नाबाद जावई

पोखर्णीच्या मैदानावर मला आजवर कुणीही बाद करू शकलेलं नाही.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. परभणीच्या कचेरीतले आम्ही अकरा कारकून आठवडाभर उर्दू कागद रंगवायचो आणि शुक्रवारी सुट्टी मिळाली, की गावोगाव जाऊन हरायचो. पूर्णेत रेल्वेवाल्यांनी धुतलं. पाथरीत तर आमचा डाव इतक्या लवकर आटोपला, की गाडीचे बैल अजून सोडायचे होते! कप्तान मी. माझ्या कप्तानीच्या टोपीवर यष्टिरक्षक दिगंबरचा डोळा (चेंडू सोडून हा गडी सगळं अडवायचा!).

"आता हरलो तर टोपी माझी," तो म्हणाला.

"दिली!" मी म्हणालो. कारण पुढचा सामना पोखर्णीला, माझ्या सासुरवाडीत होता आणि महिना धोंड्याचा! अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. विष्णूला बाद कोण करणार?

पोखर्णीकरांनी आधी खेळून चाळीस धावा काढल्या. मग आग्रह कर-करून पुरणाचे धोंडे वाढले. मी डुलत डुलत खेळायला उतरलो. पंच सासरे, गोलंदाज मेव्हणा नारायण. पहिल्याच चेंडूला माझी मधली दांडी बाभळीत जाऊन पडली!

"बाद!" नारायण नाचला.

"गप रे!" सासरे गरजले. "धोंड्याच्या महिन्यात जावयाला हाकलून द्यायलास? दांडी लाव अन् पाया पड!"

तो पडला! मी दिगंबरला डोळा मारला.

दुसरा चेंडू मी असा हाणला, की नरसिंहाच्या देवळाच्या कळसावरची कबुतरं थेट परभणीला पोचली. तिथं चौकाराची रेघ नव्हती. धाव पळूनच काढायची. मी धोतर खोचलं, तोच सासरे आडवे!

"थांबा जावईबापू! भर गावात जावई पळायलाय? माझी इज्जत काय ऱ्हाईल? तुमी नुसतं उभं ऱ्हा."

"अहो मामा, पळाल्याशिवाय धाव न्हाई मिळत!"

"तुमाला काय कमी हाय? ए, खुर्ची आणा रे!"

खुर्ची आली. तोवर समोरचा भिडू धापा टाकत माझ्यापाशी पोचला होता. मागं त्याची दांडी उडाली. धावबाद! दुसरा आला, पळाला, बाद. तिसऱ्याच्या वेळी माझ्या डोक्यावर छत्री आली, चौथ्याच्या वेळी हातात विडा. शेवटी मी लाथेनं माझीच दांडी पाडली. नारायणनं ती मुकाट्यानं उभी केली आणि परत पाया पडला!

अखेरचा भिडू दिगंबर. "कप्तान, एकदाच पळ की रे!"

"मामा बघायलेत ना!"

तो एकटाच पळाला आणि बाद झाला. जाता जाता खुर्चीजवळ थांबला, माझ्या डोक्यावरची टोपी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर चढवली. आमच्या अख्ख्या संघाची धाव एकही नाही!

दिवेलागणीला बायकोनं विचारलं, "शेवटपर्यंत बाद झाला न्हाईत म्हणं. किती केल्या?"

"नऊ!" मी छाती फुगवून सांगितलं.

धोंडे तेवढेच खाल्ले होते.