दत्तूचं मशीन बंद पडलं नव्हतं

दत्तू गेल्याची बातमी मला आमच्या पंपावरच्या शिवानं फोन करून दिली. "बापू, दत्तूअण्णा गेलं," मोटारींच्या घरघरीवर आवाज चढवून तो म्हणाला, आणि लगेच पुढं, "उद्याच्या पाळ्या मशीनवर लागल्यात. अण्णांनी सकाळीच लावल्या." माणूस दुपारी गेला, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या उसाला पाणी मिळायचं ते सकाळीच लावून गेला.

याला आता महिना होत आला. शोकसभेत सगळे त्याच्याविषयी चांगलं बोलले, आणि नंतर चहा घेता घेता आमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या संचालकांनी ठरवूनही टाकलं, की त्याचं मशीन, म्हणजे पाळ्यांची यादी ठेवणारा पंपावरचा कॉम्प्युटर, काढायचं आणि पुन्हा कंपनीची भाड्याची सेवा घ्यायची. कारण काय, तर ते फुकटचं मशीन पहिल्याच खंडेनवमीला बंद पडलं होतं. तेव्हा संस्थेचा अध्यक्ष मी होतो. त्या दिवशी पंपाच्या खोलीत नेमकं काय घडलं हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक गेला. म्हणून हे लिहितो आहे.

आमची संस्था नदीचं पाणी उचलून पलूस-कुंडल भागातल्या शेतांना पाळीनं देते. पाळीचा हिशेब चुकला की सख्खे भाऊ बांधावर उभे राहतात. पुढं हा सगळा हिशेब आम्ही एका कंपनीच्या इंटरनेटवरच्या डेटाबेसमध्ये ठेवू लागलो, महिन्याच्या भाड्यानं. सेवा मीच आणली होती आणि तिचा मला अभिमान होता. मग एका उन्हाळ्यात कंपनीनं आपल्या भाड्याच्या योजना बदलल्या आणि आमचं खातं अडकलं. आमच्याच पाळ्या आम्हाला दिसेनात. ऊस माना टाकायला लागला होता, पंपावर माणसं जमली होती, आणि मी कंपनीला मेल पाठवून उत्तराची वाट बघत बसलो होतो.

दत्तू माझ्या शाळेतल्या बाकावरचा. टेलिफोन खात्यात गेला आणि कैक वर्षं कोयनानगरला राहिला. तिथली एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायचा. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की बाहेरची लाइन जायची, पण वसाहतीतला माणूस वसाहतीतल्या माणसाशी बोलू शकायचा, कारण एक्स्चेंज तिथंच, दत्तूच्या खोलीत होतं. त्या दिवशी पंपावर तो मला सगळ्यांदेखत म्हणाला, "गड्या, पाणी आपलं, मोटार आपली, पाइप आपली. पाळी कुणाची ह्ये तेवढं बाहेरच्याला इचारायचं व्हय रं?"

खातं सुटल्याबरोबर त्यानं आमची सगळी माहिती कंपनीकडून उतरवून घेतली. एक जुना कॉम्प्युटर पंपाच्या खोलीत आणून ठेवला आणि त्यावर खुलं सॉफ्टवेअर चढवलं, ज्याला भाडं नसतं आणि ज्याचं आतलं काम कुणीही उघडून बघावं, हवं तर बदलावं. इंटरनेट गेलं तरी खोलीच्या आसपास उभं राहून कुणीही मोबाइलवर आपली पाळी बघू शकायचा. मी विरोध केला. बिघडलं तर दोष द्यायला कुणीतरी बाहेरचा असावा, अशी माझी अध्यक्षपणाची समजूत. दत्तू हसला. "मग मला दे की दोष. मी हाय की हितंच."

आणि मी दिला. खंडेनवमीला आमच्याकडं मोटारींची, स्टार्टरची पूजा होते. या मशीनचीही झाली पाहिजे असा हट्ट मी धरला. बाकीचे बाहेर मोटारींपाशी होते. मी मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि दत्तू "थांब, थांब" म्हणेपर्यंत मशीनच्याच डोक्यावर नारळ वाढवला. वरच्या जाळीतून पाणी आत गेलं. एकदा चरचरलं आणि पडदा काळा झाला... एवढ्यात मंडळी आत आली. काय झालं म्हणून कुणीतरी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बंद पडलं. फुकटचंच शेवटी."

दत्तूनं माझ्याकडं पाहिलं. घरी जाऊन दुसरं मशीन घेऊन आला, आदल्या दिवशी काढून ठेवलेली यादीची प्रत त्यावर उतरवली, आणि दिवस मावळायच्या आत यादी पुन्हा लागली. एकाचीही पाळी चुकली नाही. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते माझं वाक्य. घरी जाताना तो मला एवढंच म्हणाला, "बापू, देवाला पाणी चालतं. ह्येला न्हाई चालत." त्यानंतर कधी विषय काढला नाही, आणि मीही काढू दिला नाही.

आता मला विचारतात, दत्तूअण्णा गेले, मशीन चालवणार कोण? दर अमावस्येला आम्ही मोटारींपुढं नारळ फोडतो. त्याच दिवशी दत्तू चालतं मशीन मुद्दाम बंद करायला लावायचा आणि दुसऱ्या मशीनवर प्रत उतरवून यादी उभी करायला लावायचा. हे तो स्वतः करत नसे. एकेका संचालकाला पुढं घालायचा आणि आपण हाताची घडी घालून उभा राहायचा. कसं करायचं ते त्यानं भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय, स्टार्टरच्या सूचनांशेजारी. म्हणजे 'चालवणार कोण' असं विचारणाऱ्या प्रत्येकानं ते स्वतःच्या हातानं केलेलं आहे. फक्त मी केलं नव्हतं. "आवं अध्यक्ष, तुमची पाळी," असं तो मुद्दाम मानानं म्हणायचा, आणि मी कधी चष्मा, कधी गुडघा पुढं करायचो.

मशीन फुकट नाही, हेही सांगतो. त्याला वीज लागते, देखभाल लागते, प्रती काढाव्या लागतात. ते उद्या बिघडेलही. पण बिघडलं तर उघडायला आपल्या हातात झाकण आहे. त्या उन्हाळ्यात आमच्या हातात झाकणसुद्धा नव्हतं. या वयात वाद कशाला, असं मला घरचे सांगतात. वाद होणार. सर्वसाधारण सभेत मी उभा राहणार आहे, आणि ज्याला मशीन काढायचं असेल त्यानं दुसरं कारण शोधून यावं. पहिलं कारण माझं होतं. ते मी आज परत घेतलं.

परवाच्या अमावस्येला पंपावर गेलो. शिवा पुढं सरसावला, त्याला म्हटलं, थांब, पाळी माझी आहे. चष्मा पुसला आणि भिंतीवरची दत्तूची अक्षरं वाचत, एकेक पायरी करत गेलो. मध्येच एकदा पडदा त्या दिवसासारखाच काळा राहिला... मग यादी आली. पहिलीच पाळी दत्तूच्या रानाची होती. शिवाला पाणी सोडायला सांगितलं.

नारळ नंतर फोडला. बाहेर, ओट्यावर, खोलीचं दार लावून घेऊन.